मिक्सिंग एल्बो (शिडाच्या बोटीचे डिझेल इंजिन)

इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या भागाला) बसवलेला ओतीव, वाकडा नळ. इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी इथे धुरात सोडले जाते. मॅनिफोल्डमधला धूर काही शे अंश सेल्सियस तापलेला असतो. पाणी मिसळल्यावर तो इतका निवतो की पुढे साधा रबरी एक्झॉस्ट होज पुरतो. यानमारच्या 1जीएम10, 2जीएम20 व 3जीएम30 या छोट्या इंजिनांवर तो एल किंवा यू आकाराचा असतो.

इम्पेलरसारखाच (पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्रीसारखाच) एल्बोही झिजून बदलावा लागणारा भाग आहे, पण तसे फारसे कोणी मानत नाही, कारण बाहेरचा रंग शाबूत राहतो आणि बिघाड आतून होतो. खारे पाणी, उष्णता आणि इंधनातल्या गंधकापासून बनणारे आम्ल मिळून बीड खातात. काजळी व मीठ साचून वाट अरुंद होते; कधी जेमतेम पेन्सिल जाईल एवढेच भोक उरते. बॅटरी चार्ज करण्यासाठी नांगरावर तासन्‌तास मंद गतीने चालवलेल्या इंजिनात हे लवकर होते. मागून पडणारे पाणी कमी होणे, काळा धूर, वाफ आणि पूर्ण थ्रॉटलला न गाठले जाणारे आरपीएम ही लक्षणे. आतली भिंत फुटली तर इंजिन बंद असताना पाणी सिलिंडरकडे उतरू शकते, आणि तसाच स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

बदलताना आधी सीकॉक (समुद्राचे पाणी आत घेणारी तोटी) बंद करून वॉटरलॉक (एक्झॉस्टमधले पाणी साचणारा डबा) रिकामा करावा. होज निघत नसेल तर ओढाताण न करता लांबीच्या दिशेने चिरून नवा घालावा. खरा वेळ नट खातात. आदल्या दिवशी भेदक तेल मारावे, मग पाना आधी किंचित घट्ट दिशेला आणि नंतर सैल दिशेला, असा हलवत राहावा. न हलल्यास नट तापवावा. पण जवळचा डिझेल होज आधी काढून, अग्निशामक हाताशी ठेवून. स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटून बुंधा बाहेर उरला, तर त्यावर नट वेल्ड करून फिरवणे हे ड्रिलपेक्षा बरे.

जुने गॅस्केट खरवडण्याआधी मॅनिफोल्डच्या तोंडात चिंधी कोंबावी आणि शेवटी ती आठवणीने काढावी. गॅस्केट नवेच, कोरडे बसवावे. सिलिकॉन लावू नये. आट्यांना उच्च तापमानाचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावून नट आळीपाळीने, पुस्तिकेतल्या टॉर्कपर्यंत आवळावेत. होजच्या प्रत्येक टोकाला 316 स्टेनलेसच्या दोन क्लिपा हव्यात. एल्बोत पाणी सोडले जाण्याची जागा जलरेषेपेक्षा 15 सेंमीहून कमी उंच असेल, तर अँटी-सायफन व्हॉल्व्हही (बंद इंजिनात समुद्राचे पाणी आपोआप ओढले जाऊ न देणारी झडप) तपासावा. मिठाने तो चिकटतो.

जुना एल्बो आम्लात धुऊन परत बसवणे स्वस्त वाटते, पण काजळीनेच बुजलेली भोके त्यात उघडी पडतात. हातोडीने हलके ठोकून बद्द आवाज आला तर तो टाकूनच द्यावा. स्टेनलेस एल्बो जास्त टिकतो. मात्र त्याच्या वेल्डवर सुईएवढी भोके पडू शकतात.

सीकॉक उघडून इंजिन सुरू करावे. पहिल्या मिनिटातच मागून पाणी पडायला हवे. इंजिन लगेच धरत नसेल तर सीकॉक पुन्हा बंद करून स्टार्टर मारावा, नाहीतर पंप वॉटरलॉक भरत राहतो आणि ते पाणी ढकलायला धूर नसतो. अर्धा तास भाराखाली चालवून, थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. सांध्यावर काळी रेघ दिसली तर गॅस्केट गळते आहे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो आहे.