काडी कुणाच्या हातात?

होळीच्या आसपास रामशेज-बोरगडकडचे डोंगर रात्री पेटलेले दिसले, की नाशिकमध्ये कुणीतरी म्हणतंच, "आदिवासींनी लावली असेल." ऐकून वाईट वाटतं. ज्यांच्याकडे आपण बोट दाखवतो, त्यांना आगीतलं जे कळतं ते आपल्यापैकी फार थोड्यांना कळतं.

पेठ तालुक्यात एकदा राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजताना बघत बसलो होतो. खाली शेण, त्यावर टहाळं, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. आजींनी चिमूटभर राख उडवून वारा पाहिला आणि वारा जिकडे जात होता त्या टोकाला काडी लावली. आग वाऱ्याच्या विरुद्ध, बैलाच्या चालीनं सरकत गेली. माती भाजली, तणाचं बी मेलं आणि बांधापलीकडचं गवत जसंच्या तसं राहिलं.

यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. आगीची तीव्रता म्हणजे तिच्या आघाडीच्या दर मीटरमधून दर सेकंदाला निघणारी उष्णता. ती मिळते तीन गोष्टींच्या गुणाकारातून: एक किलो पाल्यातली उष्णता, दर चौरस मीटरवर जळणारा पाला आणि आगीचा वेग. पहिली जवळपास ठरलेली, सुमारे १८,००० किलोज्यूल. आता अर्धा किलो पाला धरा आणि वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. उत्तर येतं ९० किलोवॅट, ज्वाला गुडघ्याच्या जरा वर. पाला साचून दीड किलो झाला, वारा पाठीमागून आला आणि वेग १० सेंटिमीटर झाला, तर २,७०० किलोवॅट. पाला तिप्पट, पण आग तीसपट! ज्वाला तीन मीटरच्या घरात जाते, मग झाडाचे शेंडेही वाचत नाहीत. म्हणून हिवाळा सरताना, पाला थोडा आणि दमट असताना लावलेली आग आणि एप्रिलच्या दुपारचा वणवा यांना एकाच नावानं हाक मारणं चूक आहे.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा लोक हीच हलकी आग लावत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं, शिकार आणि फिरती शेती थांबली, आगही बंद झाली. घाणेरीची (लँटाना, बाहेरून येऊन जंगलात माजलेलं झुडूप) कोवळी रोपं जाळणारं काही उरलं नाही. १९९७ मध्ये तपासलेल्या शंभरातल्या ४१ जागी घाणेरी होती, २००८ मध्ये ८१ जागी. आवळ्यावरचं बांडगूळही आग थांबल्यामुळे वाढलं, असं सोलिगा सांगतात. आता मात्र त्या जाळीत नुसती काडी टाकून भागणार नाही. तिच्या फांद्यांची शिडी होऊन आग शेंड्यापर्यंत चढते आणि मुळांतून घाणेरी पुन्हा फुटते.

आदिवासींना निसर्ग जन्मजात कळतो, ही भाबडी समजूतही टाकून द्यावी. हे पिढ्यान्पिढ्यांचं निरीक्षण आहे. ते तपासता येतं, कधी चुकतंही.

सोलिगांना २०११ मध्ये त्यांच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड लाल खडकाची जमीन १९८५ मध्ये तिथल्या मूळच्या अनांगू लोकांना परत दिली गेली, त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाड्यानं सरकारला दिली आणि उद्यानाच्या मंडळात बहुमत त्यांचं आहे. आपलं बोरगड २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. अशा क्षेत्राच्या समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, पण कायद्यानं ही समिती फक्त सल्ला देते. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र ग्रामसभेला सामूहिक वनाचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं चालत गेली, त्यांची एक मुख्य मागणी याच कायद्याच्या अंमलबजावणीची होती.

बोरगडच्या जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून ठेवायचे पट्टे, कोणत्या आठवड्यात, कोणत्या प्रहरी जाळायच्या आणि काडी कोणत्या टोकाला लावायची, हे ठरताना वारा ओळखणारं माणूस तिथे बसलेलं हवं. आणि त्याच्या मताला सल्ल्याहून जास्त वजन हवं.