धनुष्य तासून झालं म्हणजे वाक जुळला असं नव्हे

‘दोन्ही भुजा सारख्याच जाडीच्या करून घेतल्यात, आता धनुष्य तोलात आहे.’ भुजा म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग. लाकडी धनुष्य करू पाहणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते एकदाचं खोडून काढायला हवं. सोलापुरात बाभळीचा सरळ दांडका मिळवायचा, ओळखीच्या सुताराकडून रंधा मारून घ्यायचा, पट्टी लावून दोन्ही बाजू मोजायच्या आणि दोरी चढवायची. तिसऱ्या-चौथ्या ओढीला ते मोडतं आणि बोल लागतो बाभळीला. बाभळीची काही चूक नसते. तासणं म्हणजे लाकडाला आकार देणं, वाक जुळवणं म्हणजे ओढल्यावर दोन्ही भुजा नीट वाकतील असं करणं; ही दोन वेगळी कामं आहेत आणि इथे दुसरं काम झालेलंच नसतं.

तासण्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यानं लाकूड तासायचं वाकस हातात धरलंय त्याला ते कळतं. ओंडका करवतीनं कापण्यापेक्षा पाचर ठोकून फोडावा, म्हणजे फूट रेषांच्या बाजूनं जाते. सालीखालचा पृष्ठभाग ही धनुष्याची पाठ, म्हणजे निशाण्याकडची बाजू. साल काढल्यावर तिला हत्यार लावायचं नाही, घासून गुळगुळीतही करायची नाही, कारण सगळा ताण तिथल्या सलग तंतूंवर येतो. लाकूड काढायचं ते पोटातून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूनं, आणि कडांवरून. लांबी साधारण आपल्या उंचीइतकी, मधे दहा सेंटीमीटरची मूठ, मुठीजवळ रुंदी चार-साडेचार सेंटीमीटर, टोकाशी दीड. जाडी सुरुवातीला दोन सेंटीमीटर राहू द्यावी. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओल्या ओंडक्याची टोकं मेणानं किंवा शेणमातीनं लिंपून सावलीत ठेवली नाहीत, तर टोकाकडून भेगा आत शिरतात. एवढं झालं की तासणं संपलं.

नुसतं एवढंच झालेलं धनुष्य कसं दिसतं त्याचा नमुना आहे. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती आणि य्यू झाडाचं 1.82 मीटर लांबीचं धनुष्य होतं. आकार आलेला आहे, अंगभर हत्याराच्या खुणा आहेत, पण टोकांना दोरीच्या खाचा नाहीत. अभ्यासक त्याला अपुरं धनुष्य मानतात. आपल्याकडे रंधा मारून आणलेलं ‘तयार’ धनुष्य नेमकं याच टप्प्यावर असतं.

आता घोळ कुठे होतो ते पाहू. जाडी सारखी म्हणजे वाक सारखा, हे लाकडाला लागू पडत नाही. एकाच ओंडक्यात एका बाजूला तंतू दाट, दुसरीकडे विरळ. कुठे गाठ, कुठे तंतूंना पीळ. बाभळीत गाठी तर असायच्याच. म्हणून मोजपट्टीवर जुळ्या दिसणाऱ्या दोन भुजा दोरी चढवल्यावर वेगवेगळ्या वाकतात. उलटही होतं: नीट वाकणाऱ्या धनुष्याच्या भुजा मोजल्या तर एखादी भुजा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनं जाड निघते. ती चूक नाही, ते कारागिराचं कसब आहे. वाक जुळवणं, ज्याला धनुर्विद्येतले लोक टिलरिंग म्हणतात, ते डोळ्यानं आणि हाताला लागणाऱ्या जोरानं करायचं काम आहे. तिथे जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन बसणारा माणूस चुकीची गोष्ट मोजत असतो.

यात जाडी फार निसरडी आहे. रुंदी अर्धी केली तर ताठरपणा अर्धा होतो. जाडी अर्धी केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. वीस मिलिमीटरच्या भुजेतून एकच मिलिमीटर गेला तरी त्या जागेचा ताठरपणा चौदा टक्क्यांनी उतरतो. म्हणून या टप्प्यावर रंधा आणि वाकस बाजूला ठेवावं. गारगोटीची धारदार कपची, शिंपला, नाहीतर काचेचा तुकडा घेऊन खरवडावं. भुसा निघेल, ढलपी निघणार नाही. अंदमानात रानडुकराच्या सुळ्याच्या आतल्या कडेला धार लावून धनुष्यं अशीच खरवडत. माझ्या मते रंध्यापेक्षा हे हत्यार सरसच आहे, कारण ते घाई करूच देत नाही.

काम असं चालतं. आधी दोरीशिवाय: एक टोक जमिनीवर टेकवायचं, मुठीवर हलका भार द्यायचा आणि भुजा कुठे वाकते, कुठे ताठ राहते ते बघायचं. मग दुसरी भुजा. दोन्हींचा जोर हाताला सारखा लागला की सैल, लांब दोरी बांधायची. आता एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं दहा पावलांवरून बघायचं. एकटे असाल तर सकाळच्या उन्हात पांढऱ्या भिंतीला समांतर धरून सावली बघा. रंग आणि गाठी दिसेनाशा होतात, नुसती कमान उरते. ताठ जागेवर कोळशानं खूण करायची, खूण जाईपर्यंतच खरवडायचं आणि मग वीस-तीस छोट्या ओढी द्यायच्या. ही शेवटची पायरी सगळे गाळतात. खरवडल्याबरोबर फरक दिसत नाही, लाकडाला तो दाखवायला थोडं काम लागतं. न थांबता पुन्हा खरवडलं की ताठ जागा अचानक कमजोर होऊन बसते.

कमजोर जागा फार वाकते, तिथे बिजागरी झाली म्हणतात. तिला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कमी करत उरलेली भुजा तिच्या पातळीवर आणायची, मग दुसरी भुजाही तितकीच हलकी करायची. जोर कमी होणारच. ओढायला वीस किलोचा जोर लागणारं धनुष्य हवं होतं आणि पंधराचं झालं, तर पंधराचं वापरा. काढलेलं लाकूड परत येत नाही.

सारखा वाक म्हणजे सगळीकडे एकच गोलाई, असाही एक समज आहे. भुजा रुंदीनं निमुळती आणि जाडीनं सारखी असेल तर गोलाई खरोखर एकसारखी हवी. पण जाडीच टोकाकडे कमी होत जात असेल, तर मुठीजवळ वाक कमी आणि पुढे जास्त हवा, कारण जाड भाग पातळ भागाइतकाच वाकला तर त्याच्यावर ताण जास्त येतो. ते आधी पोटावर दिसतं: आडव्या बारीक सुरकुत्या. सुरकुत्या दिसल्या की ओढायचं थांबवा. दोरी उतरवल्यावरही दोन-तीन बोटांचा बाक राहिला, तर पोटाचे तंतू दबून गेलेत. लाकूड ओलं असताना घाई केली तरी हेच होतं; पावसाळ्यात केलेल्या कामात हा बाक हमखास दिसतो. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उन्हात पडलेलं धनुष्य याच्या उलट वागतं, पाठीकडून फाडकन तुटतं.

बोटावर आडवं ठेवून तोल बघणं तर बंदच करा. त्यातून वजनाचा मध्य कळतो; वाकाचा त्याच्याशी संबंध नाही. पूर्ण ओढून धरून ‘बघ रे जरा’ म्हणणंही नको. कच्च्या धनुष्याला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, आणि ठरलेल्या जोराच्या पुढे एकदाही ओढू नये.

शेवटी खरी दोरी चढवा. मूठ वळून अंगठा उभा केला की जेवढी उंची होते, साधारण पंधरा सेंटीमीटर, तेवढं अंतर दोरी आणि मुठीत हवं. दोरी मुठीच्या मधोमध जात नसेल तर भुजेला पीळ आहे. दोरी ज्या कडेकडे झुकते तिच्या समोरच्या कडेचं पोट थोडं थोडं खरवडत तपासत जा. आणि दोन्ही भुजा अगदी सारख्या करू नका. बाण मुठीच्या वरून सुटतो, हात मधल्या बिंदूच्या खाली असतो, त्यामुळे खालच्या भुजेवर भार जास्त येतो. ती किंचित ताठ ठेवा आणि मुठीवर खूण करा, म्हणजे घाईत कुणी धनुष्य उलटं धरणार नाही.