बंद व्हेप पेन : रचना आणि पारख

बंद व्हेप पेन हे निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याचे श्वासावाटे घेण्याजोगे सूक्ष्म तुषार करणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. या तुषारांनाच बोलण्यात वाफ म्हणतात. द्रवाची कुपी, म्हणजे पॉड, कारखान्यातच भरून सीलबंद केलेली असते. वापरणाऱ्याला ती उघडता किंवा पुन्हा भरता येत नाही, तिच्यातली कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तारेची गुंडाळी, हीही बदलता येत नाही. कुपी संपली की नवी लावायची. उपकरण एकवारी असेल तर अख्खेच टाकून द्यायचे. खुल्या प्रणालीत द्रव, कॉइल आणि वॅट हे सगळे वापरणारा ठरवतो, तर बंद प्रणालीत हे निर्णय निर्मात्याने आधीच घेतलेले असतात.

म्हणून अशा पेनाची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. निर्मात्याने जे ठरवले ते नीट ठरवले आहे का, दर झुरक्याला ते तसेच मिळते का, आणि सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाची सिगारेट त्याने खरोखर सुटते का. यांतली तिसरी सर्वांत मोठी. जो मुळात निकोटिन घेतच नाही, त्याच्या बाबतीत पारख करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला या उपकरणातून व्यसनाखेरीज काही मिळण्यासारखे नाही.

पूर्वपीठिका : धूर न करणाऱ्या सिगारेटच्या पेटंटसाठी अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये अर्ज केला. १९६५ मध्ये पेटंट मिळाले, पण ती वस्तू बाजारात रुजली नाही. आजच्या उपकरणाचे श्रेय चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांना दिले जाते. २००३ च्या सुमारास त्यांनी आखलेल्या रचनेत तुषार श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनांनी केले जात. तापणारी तार नंतर प्रचारात आली. सुरुवातीची बंद उपकरणे सिगारेटच्याच आकाराची होती. त्यांची बॅटरी लहान, वाफ थोडी, आणि रक्तात निकोटिन इतके सावकाश चढे की मुरलेल्या सिगारेट ओढणाऱ्याची तलफ भागत नसे.

हे चित्र २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या बंद पेनाने बदलले. मुक्त रूपातले निकोटिन अल्कधर्मी असते आणि जास्त तीव्रतेत घेतले की घसा धरते. त्यात बेंझोइक आम्ल मिसळून केलेले निकोटिन क्षार घशाला सौम्य लागतात, त्यामुळे मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम इतके तीव्र द्रवही सहज ओढता येऊ लागले. सिगारेट ओढणाऱ्यांना तलफ भागवणारा पर्याय मिळाला तो याच रसायनामुळे, आणि शाळकरी मुले झपाट्याने निकोटिनच्या आहारी गेली तीही याच रसायनामुळे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी प्रवक्त्यांनी, किशोरवयीनांमधील ई-सिगारेटचा वापर ही साथ असल्याचे जाहीर केले. 'घशाला किती मऊ लागते' हा निकष लावताना ही दुसरी बाजू लक्षात ठेवलीच पाहिजे.

रचना आणि कार्य : पेनाचा बराचसा भाग लिथियम-आयन बॅटरीने व्यापलेला असतो. बहुतेक साध्या पेनांना बटण नसते. टोकाला तोंड लावून ओढले की आतला हवेचा दाब किंचित उतरतो, संवेदकाला ते कळते आणि बॅटरीचा प्रवाह कॉइलकडे वळतो. कुपीत द्रव, कापसाची वात किंवा सच्छिद्र सिरॅमिक आणि तापणारी तार असते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, निकोटिन सुमारे २४७ अंशांना आणि ग्लिसरीन २९० अंशांना.

वात ओली असेपर्यंत तारेची उष्णता द्रवाची वाफ होण्यात खर्च होते आणि तापमान आटोक्यात राहते. वात कोरडी पडली की तार एकदम भडकते, ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात आणि झुरका करपट लागतो. ही चव आली की ओढणे तिथेच थांबवून कुपी बदलावी. तळाशी उरलेले थेंब वाया जाऊ नयेत म्हणून अनेक जण ती चव सोसत राहतात, आणि ही त्रासदायक द्रव्ये नेमकी त्याच झुरक्यांत सर्वाधिक असतात. चांगल्या पेनात तारेचा रोध सतत मोजून तापमान आवरले जाते आणि फार लांबलेला झुरका काही सेकंदांनी आपोआप तोडला जातो. या दोन सोयी आहेत की नाहीत, हे रंग, चकाकी आणि स्वादांच्या यादीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

निकोटिनचा हिशेब : कुपीवर तीव्रता कधी मिलिलिटरला मिलिग्रॅम अशी छापतात, कधी टक्क्यांत. २ टक्के म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम. टक्के वजनाचे असतील तर आकडा थोडा वर सरकतो; जूलचे ५ टक्के ५० न भरता ५९ भरत ते यामुळेच. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशाने तीव्रतेवर २० मिलिग्रॅमची आणि कुपीच्या आकारावर २ मिलिलिटरची मर्यादा घातली. अशा भरलेल्या कुपीत ४० मिलिग्रॅम निकोटिन मावते. ५९ मिलिग्रॅम तीव्रतेच्या ०.७ मिलिलिटर कुपीतही ते ४१ मिलिग्रॅम होते. दोन्हींतला एकूण साठा जवळजवळ सारखाच असला, तरी दुसऱ्या कुपीतल्या द्रवाच्या प्रत्येक थेंबात जवळपास तिप्पट निकोटिन आहे. तलफ किती लवकर भागते, आणि सवय किती घट्ट बसते, हे या तीव्रतेवर बरेच अवलंबून असते.

खोक्यावरच्या झुरक्यांच्या आकड्याकडे डोळसपणे पाहावे. २ मिलिलिटरच्या कुपीवर '६०० झुरके' लिहिलेले असेल, तर एका झुरक्याला ३.३ मायक्रोलिटर द्रव येतो आणि २० मिलिग्रॅम तीव्रतेला त्यात सुमारे ०.०७ मिलिग्रॅम निकोटिन असते. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटिन जाते; म्हणजे तेवढ्यासाठी पंधरा ते तीस झुरके लागतील. प्रत्यक्षात कोणी लांब झुरका घेतो, कोणी आखूड, त्यामुळे ६०० चे ३०० व्हायला वेळ लागत नाही. प्रयोगशाळेत यासाठी यंत्राचा झुरका ठरवून दिलेला आहे : ५५ मिलिलिटर हवा, ३ सेकंद, दर ३० सेकंदांनी एकदा. २०१८ च्या आयएसओ २०७६८ या मानकात व्हेप ओढणाऱ्या यंत्राच्या अटी दिल्या आहेत. निर्मात्याने कोणत्या पद्धतीने मोजले ते सांगितले नसेल, तर दोन पेनांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दर झुरक्याला माल सारखाच मिळतो का, हे तपासण्याची वजनाची पद्धत सोपी आणि भरवशाची आहे. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर भरलेली कुपी तोलावी, एकसारख्या लांबीचे वीस झुरके झाल्यावर पुन्हा तोलावी, आणि वजनातली घट वीसने भागावी. कुपी अर्धी झाल्यावर आणि संपत आल्यावर, तसेच बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि उतरलेली असताना हेच करावे. आकडे फार खालीवर होत असतील तर वात पुरेसा द्रव ओढत नाही किंवा बॅटरी उतरताना वीजपुरवठा स्थिर राहत नाही. वापरणारा मग नकळत जास्त जोराने ओढतो.

हातात घेऊन पाहताना : कुपी लावण्याआधी ती उजेडाकडे धरावी. ताज्या द्रवाला फिकट पिवळसर छटा असते. हवा आणि उजेड लागून निकोटिन ऑक्सिडीकृत झाले की तो तपकिरी होतो. एकाच खोक्यातल्या दोन कुप्यांचा रंग ठळकपणे वेगळा दिसला तर साठवणुकीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. कुपी बसवल्यावर लगेच ओढू नये. वात पूर्ण भिजायला काही मिनिटे लागतात, आणि घाईतला पहिला झुरका वातीची एक कड जाळून ठेवतो. ती चव मग शेवटपर्यंत जात नाही. झुरका घेताना द्रवात बारीक बुडबुडे वर येताना दिसले, तर वातीने ओढलेल्या द्रवाच्या जागी हवा नीट शिरते आहे असे समजावे.

काही दिवसांच्या वापरानंतर कुपी उपसून खालचा खाचा पाहावा. तिथे थोडा ओलावा असतोच. थंड झालेली वाफ खाली उतरते. कोरड्या कापसाने पुसल्यावर धातूचे दोन स्पर्शबिंदू स्वच्छ दिसले पाहिजेत. पुसूनही काही तासांत पुन्हा चिकट थर येत असेल तर रबरी कडे नीट बसलेले नाही आणि द्रव गळतो आहे. द्रवातले निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते, म्हणून गळकी कुपी वापरत राहू नये. हाताला लागलेला द्रव लगेच साबणाने धुवावा. चार्जिंगच्या वेळी पेन कोमट होणे समजण्यासारखे आहे, हाताला चटका बसणे नाही. विद्युत सुरक्षेसाठी यूएल ८१३९ हे मानक आहे. त्याचा उल्लेख असलेले पेन निवडणे शहाणपणाचे.

सिगारेट सुटते का : ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर ई-सिगारेट दिलेल्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, पट्ट्या, गम वगैरे निकोटिन पर्याय दिलेल्या गटात हे प्रमाण ९.९ टक्के होते. दोन्ही गटांना समुपदेशनही मिळत होते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या आढाव्यांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. मात्र त्या चाचणीतले उपकरण पुन्हा भरता येणारे होते, त्यामुळे तो आकडा एखाद्या बंद पेनाच्या खोक्यावर चिकटवता येत नाही. शिवाय सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही, हे त्या चाचणीचे दुसरे फलित आहे आणि ते तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे सिगारेट आणि व्हेप दोन्ही चालू ठेवणे. दिवसाला वीसच्या पाच सिगारेटी झाल्या की मोठी मजल मारल्यासारखे वाटते, पण हृदयाला तो हिशेब मान्य नाही : दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या एक-तृतीयांश ते निम्म्याच्या घरात राहतो. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे उच्छ्वासात कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ वाढत नाही. धूम्रपान-मुक्ती केंद्रातल्या छोट्या श्वासमापकावर फुंकले की सिगारेट खरोखर थांबली आहे का ते कळते. काही आठवड्यांनंतरही सिगारेट चालूच असेल, तर ते पेन त्या माणसासाठी नापास. त्याची चव कितीही आवडली तरी.

याच कारणासाठी कुप्या किती तीव्रतांत मिळतात ते सुरुवातीलाच पाहून ठेवावे. खुल्या प्रणालीत द्रव हळूहळू पातळ करता येतो. बंद प्रणालीत खाली उतरायच्या पायऱ्या निर्मात्यानेच दिल्या तर असतात. २० मिलिग्रॅमनंतर १० आणि मग शून्य अशा कुप्या मिळत असतील तर वाट मोकळी आहे. एकच, तीही सर्वांत तीव्र कुपी विकणाऱ्याला गिऱ्हाईक कायम हवे आहे, असेच मला वाटते.

धोके : सिगारेटच्या धुरापेक्षा या वाफेत विषारी द्रव्ये बरीच कमी असतात, यावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. '९५ टक्के कमी घातक' हा आकडा मात्र मोजमापातून आलेला नसून तज्ज्ञांच्या अंदाजावर आधारलेला आहे. तो वादग्रस्त आहे आणि कोणत्याही एका पेनाला लागू करता येत नाही. वाफेत निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंश सापडले आहेत. ते तार आणि डाखजोड (सोल्डर केलेले सांधे) यांतून येतात. स्वादद्रव्य खाण्यास योग्य असले म्हणजे फुप्फुसांनाही चालते असे नाही; लोण्यासारखी चव देणारे डायॲसिटिल हे त्याचे परिचित उदाहरण. दीर्घकालीन वापराच्या परिणामांचे चित्र पूर्ण व्हायला अजून बरीच वर्षे जावी लागतील. गर्भवतींनी आणि हृदयरोग्यांनी हा मार्ग स्वतःच्या मनाने धरू नये.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या तीव्र इजेची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. तिचा मुख्य संबंध गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने आलेल्या कुप्यांतील व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. बंद कुपीचा सर्वांत मोठा गुण तिचे सील हाच असल्याने बनावट, पुन्हा भरलेली किंवा गटक्रमांक (बॅच नंबर) नसलेली कुपी घेतली की तो गुणच उरत नाही.

नियमन : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ ऑक्टोबर २०२१ रोजी व्ह्यूज सोलो या बंद उपकरणाला आणि त्याच्या तंबाखूच्या चवीच्या कुप्यांना विक्रीची परवानगी दिली, ई-सिगारेटला अशी परवानगी मिळण्याची ती पहिलीच वेळ. हे उत्पादन सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही, हे प्रशासनाने तेव्हाच सांगितले होते. ब्राझील (२००९), सिंगापूर (२०१८) आणि भारत (२०१९) येथे ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे तिथे सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी पट्ट्या, गम, औषधे आणि समुपदेशन हेच मार्ग आहेत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून विक्री फक्त औषधांच्या दुकानांतून होते. ब्रिटनने प्रौढांना विक्री चालू ठेवली, पण १ जून २०२५ पासून एकवारी पेनांवर बंदी घातली. कारणांत मुलांमधला वाढता वापर आणि कचरा हे दोन्ही होते.

विल्हेवाट : रिकाम्या कुपीतही लहान मुलाला विषबाधा होण्याइतके निकोटिन उरलेले असू शकते. ती आणि पेन मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावे. मुलाने द्रव चाखल्याचा संशय जरी आला तरी उलटीची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. बॅटरी असलेला भाग घरच्या कचऱ्यात टाकला तर कचरागाडीत दबून पेट घेऊ शकतो, म्हणून तो ई-कचऱ्याच्या संकलनातच द्यावा.