पाणचक्कीचं पाणी: श्रेय एकाला, नहरी दोन

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आज सहलीतला एक थांबा झाली आहे. मुळात ती खाम नदीकाठच्या सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या ठाण्याची, पाण्यावर चालणारी गिरणी. तिथे मुक्कामाला असणाऱ्या फकिरांचं आणि वाटसरूंचं दळण तिच्यावर निघायचं. मशीद, मदरसा, सराई, दर्गा हे सगळं तिला लागूनच आहे.

वाद आहे तो श्रेयाचा. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या माहितीत पाणचक्की सर्रास अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावावर टाकलेली असते. पण तो वारला १६२६ साली. चक्कीचं साल कुणी १६९५ सांगतं, कुणी १७४४. यातलं कुठलंही धरलं, तरी ते अंबरच्या कितीतरी नंतरचं. १६९५ सुद्धा नीट बसत नाही. चक्कीपर्यंत नहर, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा पाट, आणणारा सरदार हैदराबादच्या निजामाच्या पदरचा म्हणून सांगितला जातो, आणि दख्खनमध्ये निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली १७२४ मध्ये. त्यामुळे मला उशिराचं साल अधिक पटतं. शिवाय जुन्या गॅझेटिअरप्रमाणे लांबट हौद आणि कारंजी नहरीनंतर सुमारे वीस वर्षांनी झाली. म्हणजे काम टप्प्याटप्प्याने वाढत गेलं, आणि त्याला एकच साल चिकटवण्यात अर्थ नाही.

ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. अंबरची नहर वेगळी. ती त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या याच शहराला, पाणी पुरवायला बांधली. पाणचक्कीची नहर निघते शहराच्या उत्तरेला, जटवाड्याच्या बाजूच्या एका विहिरीपासून. जमिनीखालून उताराने पाणी आणायचं आणि जागोजागी मनोऱ्यांतून वर चढवून पुन्हा खाली सोडायचं, ही विद्या या शहरात अंबरच्या काळातच रुजली होती, हे खरंच. पण सगळंच त्याच्या खात्यात गेल्यामुळे दुसरी नहर आहे हेच लोक विसरले.

चक्कीची रचना अगदी साधी. उंच भिंतीवरून पाणी हौदात कोसळतं. त्यातलं काही पाणी चक्कीखालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर सोडलं, की उभा दांडा फिरतो आणि त्याच्यासोबत जात्याचा वरचा दगड. मध्ये दंतचक्र वगैरे काही नाही. खरं कौशल्य दिसतं हौदात. त्याचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. पाण्याचा एवढा भार जाडजूड खांबांच्या रांगांनी पेलला आहे, आणि डोक्यावर पाणी असल्यामुळे ते दालन वैशाखातही गार राहतं. पाहणारे कारंजी बघून परततात, हे दालन बहुतेकांचं राहूनच जातं.

पुढे शहर वाढलं. नहरीच्या वाटेवर वस्त्या आणि रस्ते आले, खोदकामं झाली, आणि खाम सांडपाण्याने भरली. अलीकडे नदीच्या स्वच्छतेचं काम सुरू झालं, ही चांगली गोष्ट. मात्र जतनाचा विषय निघाला की चर्चा हौद, कारंजी आणि आवाराच्या भिंतींपाशीच थांबते. आधी विहिरीपासून खालपर्यंत नहरीची मोजणी व्हायला हवी, तिचा मार्ग शहराच्या विकास आराखड्यात नोंदवला जायला हवा, आणि त्यावरच्या खोदकामाला परवानगी सक्तीची हवी.