वेब ॲपमधलं डेटाबेस ट्रान्झॅक्शन

डेटाबेसमधली चार-पाच कामं एकत्र बांधायची, होतील तर सगळी होतील नाहीतर एकपण नाही, याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. सगळं नीट झालं तर कमिट, मधेच फसलं तर रोलबॅक, म्हणजे जसं होतं तसं परत. या विषयातलं मोठं काम जिम ग्रे यांचं, त्यांना १९९८ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, आणि ट्रान्झॅक्शनच्या चार मुख्य गुणांना ॲसिड हे नाव १९८३ मध्ये हेर्डर आणि रॉयटर या दोघांनी दिलं.

इकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सोसायटीची पिग्मी, म्हणजे एजंट रोज दुकानात येऊन नेतो ती छोटी बचत, सगळ्यांना माहीत आहे म्हणून उदाहरण तेच घेऊया. एजंटनं गणपत गल्लीतल्या दुकानदाराकडनं २०० रुपये घेऊन मोबाईलवर एंट्री मारली की सर्व्हरवर खात्याची शिल्लक वाढते, पावती नंबर पडतो, एजंटच्या नावावर २०० येणे लागतात आणि किर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, ओळ चढते. आता शिल्लक वाढली आणि तेवढ्यात सर्व्हर बसला तर संध्याकाळी किर्द जुळणार कशी? क्लार्क बिचारा फरक शोधत बसतो.

डेटाबेस आपलं काम चोख करतो हो, पण एक काम कुठनं कुठपर्यंत हे त्याला कळत नाही, ते कोडनं सांगावं लागतं आणि घोळ बहुतेक इथंच होतो. काही सांगितलं नाही तर बहुतेक ठिकाणी ऑटोकमिट चालू असतं, म्हणजे प्रत्येक क्वेरी, डेटाबेसला दिलेला एकेक हुकूम, स्वतंत्र ट्रान्झॅक्शन. म्हणून हद्द ‘पिग्मी जमा’ या अख्ख्या कामाभोवती पाहिजे, आतल्या प्रत्येक फंक्शनभोवती वेगवेगळी नको. पायथॉनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ॲटॉमिक ब्लॉक आहे. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन आहे, पण जावावाल्यांनी एक पाठच करून ठेवा, चेक्ड एक्सेप्शन (जी एरर हाताळायची किंवा जाहीर करायची सक्ती जावा करतं ती) आलं तर ते बाय डीफॉल्ट रोलबॅक करत नाही, कमिट करून मोकळं होतं.

ट्रान्झॅक्शन घातलं म्हणजे सगळं सुटलं असंपण नाही. समजा शिल्लक ५,००० आहे. पिग्मीच्या रिक्वेस्टनं ५,००० वाचले, त्याच क्षणी काउंटरवर १,००० काढणाऱ्या रिक्वेस्टनंपण ५,००० च वाचले. पहिलीनं ५,२०० लिहिले, दुसरीनं त्याच्यावर ४,००० लिहिले, दोन्ही कमिट झाल्या, एरर कुठंच नाही आणि खातेदाराचे २०० गेले! एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळ्या ठेवायच्या याच्या लेव्हल असतात. पोस्टग्रेस डेटाबेसची डीफॉल्ट लेव्हल रीड कमिटेड, त्यात हे होतं. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनची डीफॉल्ट रिपीटेबल रीड, नाव भारी असलं तरी त्यातपण होतं. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड लावलं तर मात्र दुसरी रिक्वेस्ट एरर देऊन थांबते, मग ती पहिल्यापासून परत चालवायची. सगळ्यात साधा उपाय म्हणजे शिल्लक कोडमध्ये मोजून लिहू नका, अपडेट क्वेरीतच ‘आहे त्यात २०० मिळव’ म्हणा. मोजण्याआधी काही तपासायचं असेल तर सिलेक्ट फॉर अपडेटनं ओळ लॉक करून घ्या, म्हणजे आपलं काम संपेपर्यंत दुसऱ्याला ती बदलता येत नाही.

लॉक आले की डेडलॉक आलाच, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकींच्या लॉकची वाट बघत अडकून बसतात. दोन खात्यांत ट्रान्सफर असेल तर नेहमी लहान खाते नंबर आधी लॉक करायचा, बरंचसं टळतं.

एसएमएस पाठवणं, पेमेंट गेटवेला विचारणं असलं बाहेरचं काम ट्रान्झॅक्शनच्या आत कधीच नको. तिकडनं उत्तर येईपर्यंत लॉक अडकून राहतात, आणि रोलबॅक झालं तरी गेलेला एसएमएस काय परत येत नाही, खातेदाराला पैसे जमा झाल्याचा मेसेज आणि खात्यात काहीच नाही. जँगोत कमिट झाल्यावरच काम चालवणारं ऑन कमिट आहे, ते वापरा. मेसेज चुकूनसुद्धा हरवायला नको असेल तर तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या प्रोसेसनं तिथनं उचलून पाठवायचा.

राहिलं नेटवर्क. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात रेंज गेली की कमिट झालेलं असतं पण उत्तर फोनपर्यंत पोचत नाही, एजंट परत बटण दाबतो आणि ४०० जमा. दोन्ही ट्रान्झॅक्शन आपापल्या जागी बरोबरच असतात, म्हणून रोलबॅकचा इथं उपयोग नाही. प्रत्येक एंट्रीला फोननंच एक वेगळा नंबर द्यायचा, जमेच्या ओळीत तो ठेवून युनिक कन्स्ट्रेंट लावायचा, म्हणजे तोच नंबर डेटाबेस दुसऱ्यांदा घेत नाही. तोच नंबर परत आला तर पैसे न वाढवता जुनीच पावती पाठवायची.