'मेरा साया'च्या आधी 'पाठलाग' होता!

'मेरा साया' टीव्हीवर लागला की घरातले सगळे बसतात, शेवट पाठ असला तरी. पण ही गोष्ट मुळात आपल्या मराठीतली हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी, त्यावरून राजा परांजप्यांनी १९६४ साली 'पाठलाग' काढला, नायक डॉ. काशिनाथ घाणेकर आणि नायिका भावना. तेच राजाभाऊ बरं का, 'लाखाची गोष्ट'वाले, हसवता हसवता एकदम रहस्यपटाच्या या वळणावर आले! त्या वर्षीचं मराठीचं राष्ट्रीय पारितोषिक याच सिनेमाला. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये 'इदय कमलम' आला आणि १९६६ ला हिंदीत राज खोसलांनी 'मेरा साया' केला, म्हणजे दोन वर्षांत तीन भाषा.

राज खोसलांचा तर हा हातखंडा विषय, आधी 'वो कौन थी', नंतर 'अनिता', तिन्हीत साधनाच. पण मला विचाराल तर तिन्हींत 'मेरा साया'च सरस, कारण इथे खून कुणी केला वगैरे भानगडच नाहीये. बायको नवऱ्याच्या डोळ्यांदेखत जाते, त्याने स्वतः अग्नी दिलेला, आणि मग डाकूंच्या टोळीतली म्हणून पकडलेली एक बाई हुबेहूब तशीच दिसते आणि म्हणते मीच तुमची बायको. नवरा वकील, त्यामुळे संसारातल्या अगदी खाजगी गोष्टी भर कोर्टात निघतात, ती बरोबर सांगत जाते आणि मंगळसूत्रापाशी अडकते. शेवट सांगत नाही, पण माहीत असला तरी फरक पडत नाही, कारण दुसऱ्यांदा बघताना आपण रहस्य नाही, सुनील दत्तचा चेहरा बघत असतो.

आणि गाणी! मराठीत गदिमा, दत्ता डावजेकर आणि आशाबाईंचं 'या डोळ्यांची दोन पाखरे', हिंदीत त्याच जागी राजा मेहदी अली खान, मदन मोहन आणि लताबाईंचं 'तू जहाँ जहाँ चलेगा'. गेलेली बायको नवऱ्याची पाठ सोडत नाही ही कल्पना दोन्हीकडे एकच, फक्त तिथे पाखरं आणि इथे सावली. मला स्वतःला पाखरंच जास्त आवडतात, मदन मोहनच्या भक्तांनी माफ करावं.

बाकी 'मेरा साया'तल्याच 'झुमका गिरा रे, बरेली के बाजार में'चा आणि रहस्याचा फारसा संबंध नाही, तरी त्याच्या जोरावर बरेलीत २०२० साली हायवेवर १४ फुटी झुमका उभा राहिला. 'पाठलाग'च्या नशिबी तसलं काही नाही, पण रेडिओवर ती दोन पाखरं अजून लागतात.