केक दूध पितो कसा?

केकवर दूध ओतायचं म्हटल्यावर आमच्या इंदूरच्या घरात कुणी नाक मुरडलं नाही. सराफ्यात रात्री अकरा वाजता रबडी खाणाऱ्यांना त्यात नवल ते काय! लॅटिन अमेरिकेतल्या या केकचं नाव ‘त्रेस लेचेस’, म्हणजे तीन दुधं: आटवलेलं, कंडेन्स्ड आणि मलाई. पहिल्या खेपेला मी नेहमीचा लोण्याचा केक केला आणि त्यावर दूध ओतलं. तासाभराने पाहते तर केक आतून कोरडा, ताटात दुधाचं तळं.

लोणी पिठाच्या कणांना वेढून बसतं, पाण्याला सहज जवळ येऊ देत नाही. शिवाय असा केक घट्ट विणीचा असतो. दूध प्यायला हवा तो बिनलोण्याचा, अंड्याच्या फेसावर फुगलेला स्पंज. मी ४ अंडी, १२० ग्रॅम साखर आणि १२० ग्रॅम मैदा घेते. अंड्यातलं पांढरं वेगळं फेटते. फेटताना त्यातल्या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. भांड्याला तुपाचा ओशट हात लागलेला असेल तर प्रथिनांची जागा स्निग्धांश पटकावतो आणि फेस धरतच नाही.

खरी गंमत ओव्हनमध्ये होते. फेसातला प्रत्येक बुडबुडा बंद खोली असतो. फेस तसाच वाळला असता तर दुधाला आत शिरायला वाटच नव्हती. पण तापल्यावर आतली हवा आणि वाफ पसरते, भिंती ताणल्या जातात. ८० अंशांच्या आसपास अंड्याची प्रथिनं घट्ट होतात, मैद्यातलं स्टार्च पाणी पिऊन फुगतं. आता भिंती ताणल्या जात नाहीत, त्या जागोजागी फुटतात. खोल्याखोल्यांना दारं पडतात. फेसाचा स्पंज होतो तो या क्षणी. तसं झालं नसतं तर गार होताना आतली हवा आकसून केक मधोमध खचला असता.

किती जागा असते आत? २० सेंटीमीटर व्यासाचा, ५ सेंटीमीटर उंच केक दीड लिटरच्या थोडा वर भरतो, वजन मात्र ४०० ग्रॅमच्या घरात. म्हणजे तीन-चतुर्थांश तर हवाच. अर्धा लिटर दूध त्यात सहज मावतं. बारीक छिद्रं ते आपणहून ओढून घेतात, दिव्याची वात तेल ओढते तसंच.

पण दूध आत जायचं तर हवेला बाहेर पडायला हवं. काट्याने टोचे मारून दूध एका कडेने, बारीक धारेने सोडा. कान जवळ नेलात तर चुरचुर ऐकू येते, टोच्यांच्या तोंडाशी छोटे बुडबुडे फुटताना दिसतात. नुसतं कंडेन्स्ड मिल्क वरच बसून राहतं. दाट द्रव बारीक वाटांतून फार सावकाश सरकतो. म्हणून ते आटवलेल्या दुधात आधी नीट ढवळून घ्यायचं.

“अगं, जिलबी गरमच टाकतात ना पाकात? मग हा गार कशाला होऊ द्यायचा?” काकूने विचारलं. प्रश्न रास्त होता. जिलबीच्या नळीत वाफ असते. पाकात पडल्यावर ती निवते आणि पाक आत खेचला जातो. पण जिलबीचं कवच तळून कडक झालेलं. गरम केकच्या भिंती अजून लिबलिबीत असतात, दूध पडलं की लगदा. गार होताना स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि भिंती ताठ होतात. शिळ्या पोळीला शिळेपणा येतो तो यामुळेच, आणि दुधात कुस्करायला आपण शिळी पोळीच घेतो. मी केक रात्री भाजते, दूध सकाळी घालते आणि चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवते.

काकू अंडं खात नाही. तिच्यासाठी दही-सोड्याचा करते. दह्यातलं आम्ल आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड सुटतो, केक फुगतो, छिद्रंही पडतात. पण भिंतींना अंड्याचा आधार नसतो. त्याला दूध निम्मंच घालायचं. मागे मी हात सैल सोडला, तेव्हा काकूने तो वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला आणि त्याला खीर म्हणाली.